सतरा कामांमधली चार

वाचकाचं पत्र

ताई, मी कोपरखैरण्याला राहते. उपयोजित कलेची पदवी घेऊन दोन वर्षं झाली. सध्या तुर्भ्याच्या एका छोट्या एजन्सीत सोशल मीडियाच्या पोस्ट करते. मला यूएक्सकडे, म्हणजे अ‍ॅप आणि सेवांच्या डिझाइनकडे वळायचं आहे. पोर्टफोलिओत सतरा कामं आहेत: तीन प्रसिद्ध अ‍ॅपचं माझ्या मनाने केलेलं रीडिझाइन (गाण्यांचं, जेवण मागवायचं, प्रवासाचं), दोन काल्पनिक ब्रँड (अत्तर आणि कॅफे), चॉकलेटचं पॅकेजिंग, रोज एक अक्षर अशी इंग्रजी मुळाक्षरांची मालिका, चार लग्नपत्रिका, आमच्या गणपती मंडळाचा अहवाल, एजन्सीतल्या दोन पोस्ट-मालिका, कॉलेजात पाच जणांनी मिळून केलेल्या रुग्णालयाच्या दिशादर्शक पाट्या, इंटर्नशिपमध्ये केलेले एका बँकेच्या अ‍ॅपचे स्क्रीन (करार असल्यामुळे धूसर करून) आणि शेवटी आईच्या पोळीभाजी केंद्राचं काम.

अकरा ठिकाणी पाठवलं. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं, 'काम छान आहे, पण तू नेमकं काय करतेस ते कळलं नाही.' मित्र म्हणतात, अजून दोन-तीन अ‍ॅप टाक. आईचं काम काढून टाकावं असं मला वाटतं, ते फारच घरगुती दिसतं. आधी मेनूकार्ड केलं होतं, पण अक्षरं बारीक आहेत म्हणून आईने परत केलं. शिवाय भाजी रोज बदलते. म्हणून मग दुकानात पाटी केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्यायची पद्धत बसवून दिली. त्यात दाखवण्यासारखं काही नाही. काय ठेवू, काय काढू? आणि ठेवलंच तर ते आईचं आहे हे सांगायचं का?

एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पुन्हा वर गेले आणि मोजलं. सतरा कामांपैकी सोळांची तू मला नावं सांगितलीस. सतराव्याची मात्र हकिगत सांगितलीस. काय केलं, ते परत का आलं, रोज बदलणारी भाजी कशी आड आली, मग काय बसवलं. चार ओळींत सगळं आलं, आणि लगेच पुढे लिहिलंस, 'त्यात दाखवण्यासारखं काही नाही.' अगं, मला तर तुझ्या पत्रात दाखवण्यासारखं तेवढंच दिसलं.

मी पंचवीसेक वर्षं या कामात आहे, त्यातली बरीचशी ऐरोलीत गेली. नवीन माणूस घ्यायचा असला की आलेले पोर्टफोलिओ चाळायचं काम माझ्याकडे येतं. चाळायचं असंच म्हणते, कारण पहिल्या फेरीत एका फाइलच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्या वेळात मी देखणेपण बघत नाही. ते बऱ्याच जणांकडे असतं, आणि हल्ली तयार मॉकअप (काम खरोखर वापरात असल्यासारखं दाखवणारी चित्रं) आणि एआयची चित्रं यांमुळे जवळजवळ प्रत्येकाचं काम पहिल्या नजरेला चकचकीत दिसतं. मी एकच गोष्ट शोधत असते: या मुलीला कुणी अडवलं तेव्हा तिने काय केलं? गिऱ्हाईक नको म्हणालं, छापखान्याने सांगितलं की या कागदावर हा रंग असा उठणार नाही, आजोबांना बटण सापडलं नाही, पैसे संपले, जागा पुरली नाही. नोकरीत रोज हेच होणार आहे. म्हणून तुझ्या सतरा कामांना मी एकच प्रश्न लावते. या कामात मला कोण किंवा काय आडवं आलं, आणि त्यामुळे माझं डिझाइन कुठे बदललं? दोन वाक्यांत उत्तर देता आलं तर काम ठेव. नाही देता आलं तर ते कितीही सुंदर असो, फाइलीतून काढ.

हा प्रश्न लावला की तीन अ‍ॅप आधी जातात. तुला ते जड जाईल, कारण सगळ्यांत जास्त रात्री तू त्यांवरच घालवल्या असशील. पण विचार कर, ती करताना तुला नाही म्हणणारं कोण होतं? जेवण मागवायच्या अ‍ॅपमधला एखादा खोचून बसवलेला चौकोन तू काढून टाकला असशील आणि पान मोकळं झालं असेल. तो चौकोन तिथे का होता हे तुला ठाऊक नव्हतं. कदाचित हॉटेलवाल्यांशी काही करार असेल, कदाचित कायद्याची सूचना असेल, कदाचित तो काढून बघितल्यावर ऑर्डरी कमी झाल्या असतील. ज्या घराच्या आत आपण गेलो नाही, त्याच्या भिंती पाडणं कागदावर फार सोपं असतं. शिवाय तेच गाण्यांचं अ‍ॅप, तीच काळी पार्श्वभूमी, तेच गोल कडांचे चौकोन मी शेकड्याने पाहिले आहेत. तुझे मित्र अजून दोन-तीन टाक म्हणतात, त्यांचं ऐकू नकोस. त्या कामांनी तुझा हात बसला, फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर अंगवळणी पडलं, ही मिळकत खरी आहे. पण रियाज घरी करायचा असतो, मैफलीत पलटे म्हणून दाखवत नाहीत.

अत्तर, कॅफे आणि चॉकलेट त्याच कारणाने जातात. चार लग्नपत्रिकाही काढ. त्या वाईट असतील म्हणून काढ असं मी म्हणत नाही. आपण जे मांडून ठेवतो त्याचंच गिऱ्हाईक दारात येतं, आणि तुला पत्रिकांची कामं नको आहेत.

अक्षरांच्या मालिकेवर मी जरा थांबले. अक्षराची आवड असलेली मुलगी मला नेहमीच जवळची वाटते. पण मराठी मुलीने सव्वीस दिवस बसून इंग्रजी अक्षरं सजवावीत आणि देवनागरीला हात लावू नये, याचं मला वाईट वाटतं. कमल शेडग्यांनी नाटकांसाठी केलेली शीर्षकं आठव. गडकरी रंगायतनच्या बाहेर ती पाहत आमची पिढी वाढली. वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या, बोटभर चौकोनात, आजूबाजूला दहा जाहिराती असताना आपल्या नाटकाचं नाव वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरलं पाहिजे, ही त्यांच्यापुढची अडचण होती. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा फाँट केला, तेव्हा देवनागरी पडद्यावर नीट वाचता यावी ही गरज होती. दोघांच्याही अक्षरांमागे काहीतरी आडवं उभं होतं. तुझ्या मालिकेतल्या अक्षरांना कुठेच जायचं नव्हतं. ती काढ, पण अक्षराची आवड सोडू नकोस. तिचा उपयोग पुढे सांगते.

आता रुग्णालयाच्या पाट्या. पाच जणांनी मिळून केलेलं काम आहे म्हणून तू कदाचित बिचकत असशील. मी स्वतः पहिल्यांदा मुलाखतीला गेले तेव्हा काळी भलीमोठी फाइल घेऊन ठाण्याहून लोकलने गेले होते. समोरच्या गृहस्थांनी आमच्या गटाचं एक काम उघडलं आणि मी सांगायला लागले: आम्ही पाहणी केली, आम्ही रंग ठरवले, आम्ही चिन्हं काढली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'यात तू काय केलंस?' मला सांगता येईना. केलं नव्हतं असं नाही, पण स्वतःच्या कामाचा वाटा वेगळा काढून बघायची सवयच नव्हती. ती नोकरी मला मिळाली नाही. घरी येऊन त्या रात्री मी प्रत्येक पानामागे पेन्सिलीने लिहून काढलं की यातलं माझं काय आहे. दोन पानांमागे काहीच लिहिता आलं नाही, ती मी फाइलीतून काढली.

तेच तुलाही करायचंय. पाटीवरचा मजकूर तू लिहिलास? बाण कुठे वळावा हे तू ठरवलंस? एक्स-रे विभागाला मराठीत काय म्हणायचं यावर वाद झाला असेल, तो तू सोडवलास? 'क्ष-किरण' लिहिलं तर बरोबर, पण गावाहून आलेली बाई विचारते 'एक्स-रे कुठंय', हे रुग्णालयात तासभर उभं राहिलं की कळतं. असा एक निर्णय जरी तुझा असेल तर ते काम ठेव. वर स्पष्ट लिही: गट पाच जणांचा, माझ्याकडे मजकूर आणि पाहणी होती. बाकीच्या चौघांचं श्रेयही लिही. 'आम्ही'मधला 'मी' नेमका सांगणारा माणूस प्रामाणिक वाटतो, आणि तो सहसा असतोही. तुझा वाटा फक्त शेवटची सादरीकरणाची पानं सजवण्याचा असेल, तर मात्र हे कामही जाऊ दे.

बँकेच्या अ‍ॅपबद्दल मी कडक बोलणार आहे. ते धूसर केलेले स्क्रीन आजच काढ. करारात दाखवायचं नाही असं असेल तर धूसर करून दाखवणंही दाखवणंच झालं. मांडणी ओळखू येते, रंगावरून बँकही ओळखू येते. आणि बघणारा काय विचार करतो? ही मुलगी उद्या आमचंही काम असंच धूसर करून कुणाला तरी पाठवेल. त्याऐवजी तिथल्या तुझ्या वरिष्ठांना ईमेल लिहून विचार, काय दाखवलं तर चालेल. अ‍ॅप आता लोकांच्या हातात आलं असेल तर कधी कधी परवानगी मिळतेही. मिळाली तर ती लेखी ठेव. नाही मिळाली तर बायोडेटात दोन ओळी लिही: किती महिने होतीस, कोणत्या प्रकारच्या पानांवर काम केलंस. मुलाखतीत विचारलं तर सांग, करार आहे, त्यापलीकडे सांगता येणार नाही. त्या वाक्याने तुझी किंमत वाढेल.

एजन्सीच्या दोन मालिकांचं मी इथून ठरवू शकत नाही. सणावारांच्या पोस्ट असतील तर नकोत. पण समज, एखाद्या दवाखान्यासाठी तू असा साचा केलास की तू रजेवर असताना दुसऱ्या कुणीही त्यात मजकूर भरावा आणि तो बिघडू नये, तर ते ठेवायला हरकत नाही. साचा करताना पुढच्या माणसाच्या चुका आधीच ओळखाव्या लागतात, आणि यूएक्सचं निम्मं काम तेच असतं. ठेवण्याआधी मालकांना विचार. मंडळाच्या अहवालाचंही तसंच. त्यात बाप्पाचे फोटो आणि बिल्डरांच्या शुभेच्छाच असतील तर तो कपाटात बरा. पण जमाखर्चाचं पान तू कसं मांडलंस? वर्गणी किती आली, मांडवाला किती गेली, शिल्लक किती, हे वर्गणी देणाऱ्या आजींना चष्म्याशिवाय कळावं म्हणून काही केलं असशील तर ते एक पान सोन्यासारखं आहे. तेवढंच ठेव, लहान काम म्हणून, शेवटी.

आता आईचं केंद्र. हे तुझं पहिलं काम, फाइलीतलं पहिलं पान.

ते परत आलेलं मेनूकार्ड मोठं छाप. होय, नापास झालेलं. त्याच्या शेजारी पाटीचा फोटो ठेव आणि मधे काय घडलं ते सांग. आई 'अक्षरं बारीक आहेत' म्हणाली, पण ती बारीक का झाली हे तू शोधायचंस. देवनागरीत मात्रा, रफार, उकार यांना शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा लागते, त्यामुळे इंग्रजीइतक्याच पॉइंटात घेतलेलं मराठी अक्षर प्रत्यक्षात लहान दिसतं. इंग्रजीच्या मापाने तू आकार धरलास का? रेषाही बारीक असलेला फाँट निवडलास का? कार्डाचा कागद चकचकीत होता आणि दुकानात ट्यूबलाइट डोक्यावर आहे, असं तर नव्हतं? तू कॉलेजच्या पडद्यावर बघून केलंस आणि आईने ते तव्याच्या वाफेत, पिठाचा हात बाजूला धरून बघितलं. हे एवढं जरी तू दोन परिच्छेदांत लिहिलंस तरी वाचणाऱ्याला कळेल की ही मुलगी काय करते. ज्या माणसाने तुला उत्तर पाठवलं त्याला हेच कळलं नव्हतं.

पण त्याआधी थोडं काम बाकी आहे. तीन दिवस संध्याकाळी सहा ते आठ दुकानात बस, वही घेऊन. आईला मदत करू नकोस, नुसती बघ. पाटी समोर असूनही किती जण 'आज भाजी काय?' असं विचारतात? का विचारतात? पाटी वळणाआड आहे, की उंच आहे, की माणसांना विचारायलाच आवडतं? व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर कशा शब्दांत येतात ते पन्नासेक निरोप वाचून बघ. कुणी '४ पो १ भा' लिहीत असेल, कुणी आवाजाचा निरोप पाठवत असेल, कुणी नुसतं 'रोजचं' म्हणत असेल. 'रोजचं' म्हणजे काय हे आईच्या डोक्यात आहे की तुझ्या पद्धतीत? ती दोन दिवस गावाला गेली तर ऑर्डर कोण समजून घेणार? आणि पाच वाजेपर्यंत ऑर्डर द्या असं तू ठरवून दिलं असशील, तर साडेसहाला येणाऱ्या निरोपाचं आई काय करते? ती पोळ्या करूनच देत असेल. मग तुझा नियम मोडला. तो का मोडला हे लिहिण्यातच खरी गंमत आहे.

एक गोष्ट मुद्दाम बघ: पाटी लावल्यापासून आजपर्यंत आईने तिच्यात स्वतः काय बदललं आहे? खडूने कोपऱ्यात 'उपवासाची थालीपीठं सांगून मिळतील' असं लिहिलं असेल. दराच्या जागी कागद चिकटवला असेल. तुझी मांडणी बिघडली म्हणून ते पुसू नकोस, त्याचा फोटो काढ. बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये एखाद्या रविवारी जाऊन ये, लोकलने फार वेळ लागत नाही. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी ती वसाहत नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी ऐंशीच्या दशकात केली. सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि शेजारच्या घराशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे आपलं घर वाढवता यावं. आज तिथे मूळ रूपातली घरं शोधावी लागतात. लोकांनी मजले चढवले, पत्रे घातले, पार नवीन बांधलं. तिथे उभी राहून विचार कर, यातलं कोणतं बदलणं आधीच ओळखून जागा सोडली होती आणि कोणतं अनपेक्षित होतं. मग घरी येऊन आईच्या पाटीकडे त्याच नजरेने बघ. आपण हात काढून घेतल्यावर लोकांनी आपल्या डिझाइनचं काय केलं, हे सांगणारा पोर्टफोलिओ मला क्वचित बघायला मिळतो. मिळाला की मी त्या मुलाला किंवा मुलीला बोलावतेच.

इथवर तीन कामं झाली: केंद्र, पाट्यांमधला तुझा वाटा आणि जमाखर्चाचं पान किंवा साचा यांपैकी एक. तुला अ‍ॅपकडे जायचं आहे आणि यांत पडद्यावरचं काम कमी आहे. म्हणून एक नवीन कर. आणि ते तुझ्या अंगणातलं घे.

माझी सूचना अशी. नवी मुंबईचा पत्ता हा कोणत्याही अ‍ॅपच्या फॉर्ममध्ये नीट बसत नाही. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि शहर नोड (म्हणजे वाशी, नेरुळ यांसारखी उपनगरं) आणि सेक्टरांत आखलं गेलं. सेक्टर १० वाशीतही आहे, नेरुळातही आहे आणि तुमच्याकडेही आहे. फॉर्म विचारतो रस्त्याचं नाव, आणि आपण रस्त्याच्या नावाने पत्ता सांगतच नाही. तुमच्या भागात रो-हाउस आणि रूम नंबर, पलीकडे टॉवरचं नाव आणि विंग, आणि जुन्या गावात शिरलं की सेक्टरपेक्षा देवळाच्या खुणेवरच घर सापडतं. पार्सल घेऊन आलेला मुलगा फोन करतो आणि आपण सांगतो, 'डीमार्टवरून पुढे ये, डावीकडे पाण्याची टाकी दिसेल.' तर पत्ता घेण्याची दोन-तीन पानं मराठीत आणि इंग्रजीत कर, फक्त कोपरखैरण्यासाठी. आईचे डबे घरपोच जात असतील तर हे काम केंद्राच्या कामाला आपोआप जोडलं जाईल. (माझ्यासारखी ठाण्याची असतीस तर मी सांगितलं असतं, ट्रान्सहार्बरची गाडी नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर सोडून कल्याणची लोकल पकडणाऱ्या नवख्या माणसाच्या मागे मागे जा आणि तो कुठे थांबून वर बघतो ते लिहून काढ. ज्याने त्याने आपलं अंगण बघावं.)

यात तुझी अक्षराची आवड कामाला येईल. इंग्रजीच्या मापाने केलेल्या चौकटीत मराठी मजकूर घातला की वेलांट्या वर कापल्या जातात आणि उकार खालच्या रेषेला टेकतात. ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं. मुक्ता, बलू यांसारखे 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाचे फाँट मोफत मिळतात, ते लावून बघ. काही फाँटांमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंद केली तरच ते उमटतात, नाहीतर हिंदी वळण येतं. ही तपासणी करणारा उमेदवार माझ्या डोळ्यांत लगेच भरतो. फिकट राखाडी अक्षरांचा मोह टाळ. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान ४.५:१ असावा असा जागतिक दंडक आहे, आणि दुपारच्या उन्हात स्कूटरवर बसलेल्या मुलाला तोही कमीच पडतो. मग आईचा फोन घे, अक्षरांचा आकार तिने जेवढा मोठा ठेवला असेल तेवढाच राहू दे, आणि तुझी पानं त्यावर उघड. जिथे मोडतील तिथून खरं काम सुरू होईल.

चाचणीला मोठा घाट घालायची गरज नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली लिहिलं होतं की पाच जणांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी वर येतात. पंधरा जणांची एक मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन घ्याव्यात आणि मधे मधे डिझाइन सुधारत जावं, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या दारात पार्सल घेऊन येणारी पाच मुलं तुला आठवड्यात भेटतील. त्यांचा वेळ घेशील तेव्हा त्यांना चहा दे, आणि कुणाचंही नाव किंवा नंबर फाइलीत येऊ देऊ नकोस. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार धरले तर हे सहा-सात आठवड्यांचं काम आहे. घाई करू नकोस. चार कामं पुरतात. चौथं होईपर्यंत तीनच पाठवलीस तरी चालेल.

बाकी गोष्टी भराभर सांगते. सगळ्यांत दमदार काम आधी, त्याच्या खालोखालचं शेवटी, कारण मधली पानं वेगाने उलटतात. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला दोन ओळी: अडचण काय होती आणि यात मी काय केलं. पीडीएफ हलकी ठेव. फाइल कितीतरी वेळा गाडीत, मोबाइलवर, एका हाताने उघडली जाते. ड्राइव्हची लिंक पाठवत असशील तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघ. परवानगी मागणारी लिंक आली की मी ती बाजूला ठेवते आणि मग ती राहूनच जाते. एआयची मदत कुठे घेतली असशील तर तसं लिही, त्यात कमीपणा नाही.

आणि एकदम अकरा ठिकाणी पाठवू नकोस. ज्याने तुला एक ओळ लिहून पाठवली त्याने उपकार केले आहेत, दहा जणांनी तेवढंही केलं नाही. नवीन फाइल तयार झाली की सगळ्यांत आधी त्यालाच पाठव. लिही, तुमच्या वाक्यामुळे सतरा कामांची चार केली.

ते आईचं आहे हे सांगायचं का, असं विचारलंस. सांगायचं, आणि पहिल्याच ओळीत सांगायचं: 'हे केंद्र माझी आई चालवते.' लपवलंस तर मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते बाहेर येईल आणि मग उगाच काहीतरी लपवल्यासारखं दिसेल. तुला भीती वाटते की घरचं काम म्हणजे लाडाचं काम, असं लोक समजतील. पण तुझं कार्ड परत करणारी सतरा कामांमध्ये एकटी तीच आहे. कॉलेजात मार्क मिळाले, मित्रांनी हृदयं पाठवली, लग्नघरवाले छान म्हणाले. तिने मात्र हात पुसून कार्ड हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि वाचता येत नाही म्हणून सांगितलं. एवढंच कर, की फाइलीत टाकण्याआधी तिला विचार. फोटो तिला चालेल का, दर दिसलेले चालतील का. गिऱ्हाइकांचे निरोप दाखवशील तिथे त्यांची नावं आणि नंबर पूर्ण झाकून टाक.

ते मेनूकार्ड आता कुठे आहे, हे आधी शोध. आईने टाकलं नसेल. हिशोबाच्या वहीत नाहीतर पिठाच्या डब्याखाली सापडेल. तेलाचे डाग पडले असतील तर असू देत, तसंच स्कॅन कर.